पलीकडच्या गोलाकडे

शेवटची शिट्टी वाजली की आम्ही सगळे आपल्या पोरांकडे पळायचो, आणि मामा बर्फाची बादली उचलून बरोबर उलट्या दिशेला चालू लागायचे. "थांबा रे, तिकडचं विचारून येतो," एवढंच म्हणायचे. आम्ही जिंकलेलो असलो की हटकून जायचे. मैदानभर आरडाओरडा, कोणी कोणाला खांद्यावर घेतलंय, कोणी गुलाल शोधतंय, आणि हा किडकिडीत माणूस एका बाजूला झुकून, बादली सांभाळत, पलीकडच्या गोलाकडे निघालेला.

आमच्या कॉलेजात शिपाई, माळी, परिचर, सगळ्यांनाच मामा म्हणतात. पण फुटबॉलच्या मैदानावर मामा म्हटलं की हेच. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. मूळचे सटाण्याकडचे, राहायला माझ्यासारखेच इंदिरानगरला. स्वतः कधी बॉलला पाय लावला नव्हता. कोणाचा तरी घोटा सुजला, बर्फ हवा म्हणून पोरं प्रयोगशाळेत धावत आली, मामांनी फ्रीजमधला बर्फ बादलीत काढला आणि बादली घेऊन स्वतःच मैदानावर आले. तेव्हापासून ते आलेच. त्या फ्रीजमध्ये बर्फाशेजारी कसल्या कसल्या बाटल्या असायच्या देव जाणे. बर्फ लावून घेताना पोरं हमखास विचारायची, "मामा, पाय राहील ना?" मामा म्हणायचे, "राहील. रंग बदलला तर सांग."

नाशिकमध्ये कॉलेजचा फुटबॉल बघायला येतं कोण, तुम्हीच सांगा. कबड्डीला मैदान भरतं. क्रिकेटचं तर विचारूच नका. फुटबॉलला नेमाने येणारे आम्ही चौघं. फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान असलेले सलीमभाई. सायखेड्याचा निलेश, जो कधीकाळी आमच्या टीममधून खेळला आणि आता टोमॅटोची पिकअप मार्केटला रिकामी करून परत जाताना मैदानाशी गाडी लावायचा. मामा. आणि चौथा मी, कॉलेजच्या ऑफिसातला क्लार्क. मामा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, तरी मला पहिल्या दिवसापासून भाऊसाहेब म्हणत.

मॅच दीड तासाची असायची आणि वाद दोन तासांचा. पाण्याच्या टाकीशेजारच्या कट्ट्यावर चहा यायचा आणि विषय ठरलेला असायचा: आपण जिंकलो खरे, पण हे जिंकणं कितपत खरं?

सलीमभाईंचा हिशोब सरळ होता. "फरक किती ते बोला. पाच-शून्य म्हणजे पाच-शून्य. बाकी सब बातें हैं."

निलेशला ते पटायचं नाही. "पाच-शून्यात काय मजा हाय? आधी दोन खायचे, मग तीन मारायचे. त्याला लय जीव लागतो सलीमभाई. त्याला जिंकणं म्हणायचं."

मी ऑफिसातला माणूस. मला समोरच्याची पत बघायची सवय. कोणाला हरवलं, त्या टीमने याआधी कोणाकोणाला हरवलंय, हे मी बोटांवर मोजून दाखवायचो. तिघांचं भांडण रंगात आलं की मामा बादली घेऊन परत यायचे, पायाशी ठेवायचे आणि म्हणायचे, "तुम्ही तिघंही इकडूनच बोलताय."

मामांची पद्धत अशी की हरलेल्या टीमच्या गोलीला जाऊन विचारायचं. गोल त्याच्या डोळ्यांदेखत झालेला असतो. जिंकणारा आनंदात असतो, बघणारे लांब असतात, पण ज्याच्या हातांवरून बॉल आत गेला त्याला सगळं नीट माहीत असतं, असं त्यांचं म्हणणं. त्याला आधी बर्फ द्यायचा, दुखत असो नसो. मग शेजारी उकिडवं बसायचं आणि गप्प राहायचं. गोली बोलतोच. तो उन्हावर, मैदानावर, रेफरीवर घसरला की मामा परत येऊन निकाल द्यायचे, "अर्धा." तो स्वतःच्याच पोरांना शिव्या घालायला लागला की निकाल, "पाव." आणि तो बराच वेळ गप्प बसून मग आमच्याच पोराच्या किकबद्दल बोलायला लागला, तर मामा लांबूनच मान हलवत यायचे. "झाला," म्हणायचे. "हा झाला."

मी नवा होतो तेव्हा आम्ही सुरगाण्याकडच्या एका कॉलेजला सात-शून्यने हाणलं होतं. कट्ट्यावर मी नाचायचाच बाकी होतो. मामा पलीकडून परत आले ते बादली पूर्ण रिकामी करून. "सात वाजता एसटीत बसली ती पोरं," ते म्हणाले. "घाटात तिघांना उलट्या झाल्या. गोलीने सकाळपासून काही खाल्लं नाही. मला विचारतो, काका, इथं वडापाव कुठं मिळतो?" मग ते सलीमभाईंकडे वळले. "सात-शून्य ना? लिहून ठेवा तुमच्या दुकानावर." सलीमभाई उठले आणि त्या पोरांसाठी वडापाव आणायला गेले. बारा आणले. पोरं अकरा होती, बारावा त्यांनी तिथेच उभं राहून खाल्ला.

सगळेच गोली बोलतात असंही नव्हतं. एकदा एकाने मामांची बादली त्यांच्याच अंगावर उपडी केली. मामा शर्टातून बर्फाचे खडे काढत कट्ट्यावर आले. निलेशने विचारलं, "काय म्हणला ओ?" मामा म्हणाले, "काही बाकी ठेवलं नाही त्याने." आणि थोडा विचार करून, "पण अर्धाच. आई काढली, किकचं काही बोलला नाही."

मला या सगळ्याचं हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा. मी आयुष्यभर कागद बघून माणसं ओळखली. मामांना कागद लागायचा नाही.

आता त्यांची एक गोष्ट राहून गेली होती. शहरातलं एक कॉलेज आहे, नाव घेत नाही. त्यांच्याकडून आम्ही कायम हरत आलो. मी अठरा वर्षं बघतोय, मामा त्याच्याही आधीपासून. कधी सेमीफायनलला, कधी फायनलला, कधी चार गोलांनी, कधी शेवटच्या मिनिटाला. त्या कॉलेजविरुद्धची मॅच संपली की मामा बादली घेऊन आमच्याच पोरांत बसून राहायचे. "आज पलीकडे काय काम आहे?" म्हणायचे. एकदा हसत म्हणाले होते, "भाऊसाहेब, त्या कॉलेजच्या गोलीकडे मला एकदा जायचंय. एकदा गेलो की बादली सोडली." निवृत्त झाल्यावरही ते सायकलवरून येत राहिले. बर्फ आता निलेश मार्केटमधून आणायचा.

गेल्या हंगामाच्या सुरुवातीला मामांना खोकला जडला आणि सुटेना. मग तपासण्या झाल्या. मग त्यांच्या मुलाने मला दवाखान्याच्या जिन्यात थांबवून डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. तीन-चार महिने. मी घरी येऊन जेवलो नाही. कोणाला काही बोललोही नाही.

आणि नेमकं त्याच वर्षी आम्ही फायनलला पोचलो. समोर तेच कॉलेज. त्यांनी सेमीफायनल चार-शून्यने मारली होती आणि त्यांचा गोली, एक उंच, सडपातळ पोरगा, असा काही खेळला होता की निलेशसुद्धा म्हणाला, "याच्यावर गोल व्हणं कठीण हाय." आम्ही हरणार होतो. ते सगळ्यांना माहीत होतं, मामांनाही. मी भेटायला गेलो तेव्हा उशीला टेकून बसले होते. "होईल तसं होईल," म्हणाले. "मला येऊन सांगा फक्त."

स्पर्धा आमच्याकडे होती, त्यामुळे सगळ्या टीमचे पात्रतेचे अर्ज आमच्या ऑफिसात, माझ्या टेबलावर होते. फायनलच्या आदल्या दुपारी मी ते लावून ठेवत होतो. लावून ठेवणं हे माझं काम. वाचणं नाही. पण मी वाचले. त्या उंच पोराच्या अर्जात एका वर्षाचा खंड होता आणि गॅप सर्टिफिकेट जोडलेलं नव्हतं. त्या वर्षात तो अंबडला एका कंपनीत कामाला होता, घरची काही अडचण होती, हे मला नंतर कळलं. त्या दुपारी मला फक्त कागद दिसला.

मी तो कागद आमच्या क्रीडाशिक्षकांना नेऊन दाखवला. हरकतीचा अर्ज मीच टाइप केला. माझ्या मनात काय होतं ते सांगतो, विश्वास ठेवायचा की नाही तुम्ही ठरवा. मला वाटलं, तो एक पोरगा बाहेर बसेल. ते दुसरा गोली उतरवतील. मॅच होईल, आमचा कुठून तरी एखादा गोल होईल, आणि मी संध्याकाळी दवाखान्यात जाऊन मामांना सांगेन. ज्याच्याकडे मामांना एकदा जायचं होतं त्यालाच मी मैदानाबाहेर काढतोय, हे टाइप करताना माझ्या टाळक्यात आलं नाही. वीस वर्षं अर्ज टाइप करून माणसाची ही गत होते.

अर्जाच्या तीन प्रती सलीमभाईंच्या दुकानात काढल्या. मी कागद उलटा धरून दिला होता. त्यांनी मशीनवर ठेवताना तो सुलटा केला. वाचला असेल. प्रती मोजून माझ्या हातात ठेवल्या.

फायनलला दोन्ही टीम मैदानावर आल्या, वॉर्म-अप झाला. मग मध्यभागी कोटवाली दोन माणसं, आमचे सर, त्यांचे सर, हातवारे. नियम असा निघाला की अपात्र खेळाडू सेमीफायनलला खेळवला म्हणून सगळी टीमच बाद. फायनल झालीच नाही. तीन-शून्य, आम्ही विजयी, असं माइकवर जाहीर झालं. प्राचार्यांनी ढोलवाले आधीच बोलावून ठेवले होते, ते वाजवायला लागले. आमच्या पोरांनी कप घेतला, फोटो काढला आणि खाली मान घालून पटापट बूट सोडले. पलीकडे त्यांची पोरं त्या उंच पोराभोवती उभी होती. कोणी त्याला मारत नव्हतं, पण जवळही जात नव्हतं. तो हातमोजे काढत नव्हता. कितीतरी वेळ तसाच उभा होता.

निलेश म्हणाला, "लय वाईट झालं भाऊ." त्याला काही माहीत नव्हतं. सलीमभाई कट्ट्यावर बसलेच नाहीत. चहावाला चार ग्लास ठेवून गेला, त्याच्या सवयीने. जाता जाता सलीमभाई माझ्याकडे न बघता बोलले, "मियाँ, ये तो कागज की जीत हुई. और कागज मेरी मशीन से निकला." मी ग्लासांकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी दवाखान्यात गेलो. रस्ताभर ठरवत होतो की खरं सांगायचं. हरकतीचंही सांगायचं. मामी बाहेर औषधं आणायला निघाल्या होत्या, मला बघून परत आत आल्या. मामा आणखी आटले होते. डोळे तेवढे जागे.

"काय झालं भाऊसाहेब?"

"जिंकलो मामा," मी म्हणालो.

एवढं खरंच होतं. कप कॉलेजच्या कपाटात होता. पण मामा माझ्याकडे बघत राहिले, आणि मला थांबता येईना. एक-शून्य म्हणालो. सत्तराव्या मिनिटाला म्हणालो. आपल्या दहा नंबरने डावीकडून घेतला, दोघांना काढलं आणि लांबूनच मारला. मी इतकं छान कधी बोललो नव्हतो. ती मॅच मला दिसत होती.

मामांनी सगळं ऐकलं. मग हळू विचारलं, "तिकडे गेला होता का?"

"हो."

"काय म्हणाला गोली?"

आणि मी सांगितलं. म्हणालो, तो आधी काहीच बोलला नाही. बसून होता. मी बर्फ दिला. मग म्हणाला, काका, मला बॉल दिसला, मी वेळेवर उडी मारली, बोटंसुद्धा लागली, तरी गेला. पुन्हा मारला तरी जाईल. असं म्हणाला, मामा.

मामांनी डोळे मिटले. घरी मामींशी बोलताना ते बागलाणी बोलायचे, आमच्याशी कधी नाही. त्या दिवशी डोळे न उघडता म्हणाले, "हाई खरं शे का?"

तुम्हाला सांगतो, आयुष्यात माणसाला खरं बोलायची संधी एवढ्या सरळ कोणी देत नाही. खोलीत तिसरं कोणी असं नव्हतं, मामी पिशवीत काहीतरी शोधत होत्या. मी म्हणालो, "हो मामा. खरं."

"बरं," ते म्हणाले. "चहा घेऊन जा."

मामी मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही. त्या म्हणाल्या, "सकाळी एक पोरगा येऊन गेला. उंच आहे चांगला. तुमच्या त्या दुसऱ्या कॉलेजचा, गोली का काय म्हणतात तो. दरवर्षी यांच्या बर्फाची चेष्टा करायचा म्हणे. नारळपाणी घेऊन आला होता. तासभर बसला. रडला हो फार. ते त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होते." मग जरा घोटाळून म्हणाल्या, "पण भाऊसाहेब, तो तर सांगत होता की खेळूच दिलं नाही. तुमच्या ऑफिसातून कोणीतरी कागद काढला म्हणे. तुम्ही सांगत होता ती मॅच वेगळी का?"

मी म्हणालो, "हो मामी, वेगळी." आणि जिना उतरलो.

म्हणजे मामांना सगळं माहीत होतं. मी तोंड उघडायच्या आधीपासून. ऑफिसात कागद बघणारा माणूस एकच आहे हेही त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी मला विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं, आणि मी त्यांना त्या पोराच्या तोंडचं म्हणून माझंच रचलेलं वाक्य ऐकवलं. जन्मभर त्यांनी एकाही गोलीच्या तोंडी पदरचा शब्द घातला नव्हता. शिव्यासुद्धा होत्या तशा आणून सांगितल्या होत्या.

मी परत वर गेलो नाही. उद्या जाऊ, सगळं सांगू, पाय धरू, असं ठरवलं. सोमवारी ऑफिसात परीक्षेचे अर्ज होते. मंगळवारी त्यांना आयसीयूत हलवलं आणि भेटू देईनात. गुरुवारी सकाळी निलेशचा फोन आला. तो बोलेचना. मागे मार्केटचा कालवा ऐकू येत होता, तेवढ्यावरून मी समजलो.

अमरधामला माणसं बरीच होती. प्रयोगशाळेतले जुने सर होते, आमच्या टीमची पोरं होती. मला नवल वाटलं ते दुसऱ्या कॉलेजांच्या पोरांचं. कोणी ओझरहून आलेलं, कोणी सिन्नरहून. आता नोकऱ्या करणारे, पोट सुटलेले. सगळे कधीकाळी कुठल्या ना कुठल्या टीमचे गोली होते. एकमेकांना ओळखत नव्हते. सलीमभाई माझ्या शेजारी उभे होते. खांद्याला खांदा लागत होता. त्यानंतर आजतागायत आम्ही कुठल्याही मॅचवर वाद घातलेला नाही. निलेश सुरू करतो, दोघंही हं हं म्हणतो आणि विषय पडतो.

सगळं आटोपल्यावर मी रिक्षासाठी रस्त्यावर थांबलो. तो उंच पोरगा बाइक घेऊन पुढ्यात आला. "काका, इंदिरानगरकडे जाताय ना? बसा, सोडतो." माझ्या तोंडून 'नाही' निघालं नाही. मी मागे बसलो. त्याचे खांदे रुंद होते आणि मला कुठे धरावं ते कळत नव्हतं.

द्वारकेच्या सिग्नलला तो मान वळवून म्हणाला, "माझं हे शेवटचंच वर्ष होतं. पुढच्या वर्षी वयात बसत नाही." मग म्हणाला, "घरी अजून सांगितलं नाही की माझ्यामुळे गेलं. टीममधलं कोणी फोन उचलत नाही." आणि मग, अगदी सहज, "तुम्ही तिथेच ऑफिसात आहात ना काका? कोणी काढला असेल हो तो कागद?"

मागून हॉर्न वाजत होते. मी म्हणालो, ऐकू नाही आलं. सिग्नल सुटला. पुढे जाऊन त्याने बाइक कडेला घेतली, हेल्मेट काढलं आणि माझ्याकडे तोंड करून पुन्हा विचारलं. डोळे रडून सुजलेले होते. त्याला राग नव्हता. त्याला फक्त माहीत करून घ्यायचं होतं.

"मला नाही माहीत," मी म्हणालो.

"जाऊ द्या," तो म्हणाला, आणि त्याने मला पार घराच्या फाटकापर्यंत आणून सोडलं.